एका पडवीत दोन टेबलं

आम्ही आत पाऊल टाकलं की वकिलांचा कारकून उदबत्ती लावायचा. देवासमोर नाही. आमच्यासमोर.

पडवीच्या टोकाला आमचं बसायचं बाकडं. त्याच्या पायाशी एका फुटक्या कपात रेती भरून ठेवलेली. तिच्यात तो उदबत्ती खोचायचा आणि आमच्याकडे न बघता परत जाऊन बसायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, रोजची पद्धत असेल. मग बघितलं, बाकीच्या अशिलांसाठी कुणी काही लावत नव्हतं. आंब्याच्या बागायतदारासाठी नाही, पतपेढीच्या चेअरमनसाठी नाही. बागायतदाराची बायको नाकाला पदर लावून हसली. आये, म्हणजे माझी आई, हळूच स्वतःचा हात नाकाशी घेऊन गेली. मासळीबाजारातून उठून, घरी जाऊन, आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आली होती ती. तरी तिने हात हुंगून बघितला. ते मला अजून सहन होत नाही.

वकील मालवणातले. सगळा तालुका त्यांना भाईसाहेब म्हणतो. घर त्यांचं, पडवीत ऑफिस. आमच्यासारख्या लहान गावात वकील एका कामाचा नसतो. तोच खरेदीखत करतो, तोच घटस्फोट, तोच भावाभावांची वाटणी, तोच मोटारीचा अपघात, मारामारीतला जामीनही तोच. कुणाला काहीही झालं की लोक म्हणतात, भाईसाहेबांकडे जा. आम्हीही गेलो.

आमचं घर दर्याला लागून, माडांत. पणज्याने उभं केलेलं, बापसाने चिऱ्यांचं केलेलं. घरपट्टी आमच्या नावावर, विजेचं मीटर आमच्या नावावर, जमिनीवर मात्र नाव मालकांचं. मालकांचं घराणं मुंबईला. जत्रेला यायचे, आमच्याकडून मासे न्यायचे, बरं आहे ना विचारायचे. त्यांच्या नातवाने ती जागा एका रिसॉर्टवाल्याला विकली, आमच्या घरासकट. आम्हाला कळलं ते नोटीस आल्यावर. घर खाली करा.

वडील तोवर वारले होते. भाऊ देवगडला ट्रॉलरवर, समुद्रातच जास्त. मी लग्न मोडून परत आलेली. आम्ही दोघी मायलेकी बाजारात बसून मासे विकायचो. ते घर गेलं असतं तर मला डोकं टेकायला दुसरी जागा नव्हती. आजही नाही.

भाईसाहेबांनी नोटीस हातात घेतली नाही. लांबूनच म्हणाले, माहीत आहे मला. कसं माहीत? तर त्याच पडवीच्या दुसऱ्या टोकाला दुसरं टेबल होतं. तिथं त्यांचा पुतण्या बसायचा, तोही वकील. आमची नोटीस त्या टेबलावर टाइप झालेली. आणि जागेचं खरेदीखत तर भाईसाहेबांनी स्वतः केलेलं. हे त्यांनी लपवलं नाही. उलट मोठेपणाने सांगितलं. दोन्ही बाजू माझ्या घरातल्या, म्हणाले, तुम्हाला बाहेर कुठं फिरायला नको.

आणि आम्हाला ते बरं वाटलं. हसू नका. आमच्या वाडीत रापणीच्या जाळ्यातल्या मासळीच्या वाट्यावरून तंटा झाला की दोन्हीकडे ज्याची सोयरीक आहे त्याच्याकडेच जातात. त्याला दोघांनाही उद्या तोंड दाखवायचं असतं, म्हणून तो वाकडं वागत नाही. आम्ही तोच न्याय वकिलाला लावला. असा घोळ आमच्यासारखेच लोक घालू शकतात. भाईसाहेबांना आम्हाला तोंड दाखवायचं नव्हतं, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

"भियां नको गो बाये," ते आयेला म्हणाले. "तुझा काम झाला असा समज."

आये त्यांच्याहून वयाने मोठी. तरी तू. रिसॉर्टवाला त्यांच्या मुलाच्या वयाचा, त्याला आपण. चेअरमनशी पुस्तकी मराठी, आमच्याशी मालवणी. वाडीत काही जणी याचं कौतुक करायच्या, बघ, आपल्या बोलीत बोलतात. मला ते कौतुक तेव्हाही पटलं नाही. घरच्या गड्याला हाक मारताना जी बोली निघते ती ती होती. नोटिशीविरुद्धच्या आमच्या दाव्यात माझं नाव घालताना त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, ही नवऱ्याकडून परत आलेली काय? आये हो म्हणाली.

वकीलपत्रावर सही हवी होती. कारकुनाने काही न विचारता शाईचं पॅड आयेपुढे सरकवलं. आयेला सही येते. मी शाळेत असताना माझ्याच पाटीवर गिरवून शिकली ती. पतपेढीत करते, रेशनच्या दुकानात करते. मी सांगायला तोंड उघडलं तर तिने माझं मनगट दाबलं आणि अंगठा टेकवला. बाहेर आल्यावर विचारलं, सही का नाही केलीस? म्हणाली, त्यांचा खोळंबा झाला असता. मला तिचा असा राग आला की मी स्टँडपर्यंत तिच्याशी बोलले नाही.

तारखेच्या दिवशी आम्ही मासे घेऊन जायचो. पहिल्यांदा आयेनेच आपणहून नेले. दुसऱ्या खेपेला कारकुनाने दारातच विचारलं, आज काय? मग ते चालूच झालं. सुरमई असली तर भाईसाहेब स्वतः मागच्या दारी येऊन बघायचे. आये तिथं आदोळी घेऊन बसायची, मासा कापून, धुऊन, तुकड्या करून द्यायची. कोर्टात जिचा दावा उभा आहे ती बाई तारखेच्या सकाळी वकिलाच्या मागच्या दारी विळीवर बसलेली. पुढच्या दारी तिच्यासाठी उदबत्ती जळते आहे. माशाचा तोच वास त्यांना कढईत चालत होता.

मी एकदा म्हटलं, आये, हे पुरे कर.

"तेंच्या हातात घर आसा आपला," ती म्हणाली. खरंच होतं ते.

तारखा पडत राहिल्या. एका तारखेनंतर भाईसाहेबांनी आम्हाला थांबवून घेतलं. म्हणाले, केस लांबणार, तू थकशील, एक सोपा मार्ग आहे. गावच्या देवीच्या देवळात आण घ्यायची. पायरीवर हात ठेवून एवढंच म्हणायचं की घर आमचं आणि जागा आमच्या वहिवाटीची. आण घेतलीस तर समोरचे माघार घेतील. नाही घेतलीस तर तू जागा सोडायची. मी त्यांना तयार केलं आहे, म्हणाले, उपकार केल्यासारखं.

ऐकायला किती सरळ. खऱ्या माणसाने शपथेला कशाला भ्यायचं?

तर सांगते. आमच्या वाडीत जिचं माणूस दर्यावर आहे ती बाई आण घेत नाही. खोटी तर नाहीच, खरीही नाही. आण घेतली की देवीची नजर घरावर पडते आणि ती नजर कुणावर थांबेल ते सांगता येत नाही, असं आमच्या बायका मानतात. बोट परत लागेपर्यंत त्या शपथेचा शब्द तोंडात येऊ देत नाहीत. मी हे मानते की नाही ते सोडा. आये मानते, तिची सासू मानायची. या किनाऱ्यावर हे कुणाला शिकवावं लागत नाही. भाईसाहेब इथंच वाढलेले. त्यांच्या आईच्या काळापासून आमच्या वाडीतल्या बायका त्यांच्या मागच्या दारी मासे देत आल्या आहेत, गप्पा मारत आल्या आहेत. त्यांना हे ठाऊक नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

आणि दिवस त्यांनीच ठरवला. बोटी बाहेर असतानाचा. भाऊ तेव्हा खोल पाण्यात होता, फोनही लागत नव्हता.

आयेने त्यांना सांगितलं होतं. पडवीत, हात जोडून, माझ्यासमोर. मुलगा दर्यावर आहे, बोट येऊ दे, मग काय ते बघू. ते म्हणाले, तू देवळात ये तर खरी, मी आहे ना. आम्ही गेलो. आपला वकील बरोबर आहे म्हणून गेलो.

देवळात मानकरी होते, रिसॉर्टवाला होता, पुतण्या होता आणि आमची अर्धी वाडी होती. पालखीच्या वेळी आमची वाडी खालच्या पायरीशी उभी राहते. वरची पायरी मानाच्या घराण्यांची. आयेच्या सगळ्या जन्मात तिला कुणी वर ये म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं. ती वर गेली, पदर खांद्यावरून घेऊन खाली वाकली, हात पायरीपर्यंत नेला. मग तिने तो मागे घेतला.

"साहेबानु, झील दर्यार आसा," ती म्हणाली. "माका आण घेवक लावू नकात."

कुणीतरी हसलं. रिसॉर्टवाला मोबाइल धरून उभा होता, सगळं टिपत होता. मी भाईसाहेबांकडे बघितलं. आता बोलतील. या बाईने मला हे आधीच सांगितलं होतं म्हणतील. बोट आल्यावर बघू म्हणतील. ते मानकऱ्यांकडे वळले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले,

"खरं असतं तर घेतली असती."

आमचा वकील. आम्ही नेमलेला.

आये पायऱ्या उतरली. तिच्याकडे बघायला नको म्हणून बायकांनी माना फिरवल्या. आमच्याच वाडीतल्या. ज्यांची माणसं त्याच घटकेला पाण्यावर होती, ज्यांनी जीव गेला तरी तिथं आण घेतली नसती. वकिलाचं मी समजू शकते, त्याचा तो धंदा. रिसॉर्टवाल्याला जागा हवी होती. या बायकांना काय मिळत होतं? त्यांना मी माफ केलेलं नाही. समोर आल्या तर बोलते, पण माफ केलेलं नाही.

पुढच्या तारखेला तडजोडीचा कागद तयार. पावसाळा संपला की घर खाली करायचं. बदल्यात रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात मला काम. हे मी तुमच्यासाठी मागून घेतलं, भाईसाहेब म्हणाले, मासे साफ करायला मायलेकींचा हात चांगला आहे. आयेचा अंगठा आधीच झाला होता. भावाने बोटीवर जाताना मुखत्यारपत्र तिच्या नावे दिलं होतं, म्हणून त्याच्या वतीनेही तिचाच. देवळातल्या दिवसापासून ती कुणी म्हणेल ते करत होती. बस म्हटलं की बसायची, ऊठ म्हटलं की उठायची. दाव्यात आमची तिघांची नावं. उरली माझी सही.

कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांनी मला पेन दिलं. मी म्हटलं, मी सही करणार नाही. वाटलं, ओरडतील. ओरडले नाहीत. हसले. लहान मुलाची समजूत काढावी तसं म्हणाले,

"तुमका जमीन कित्याक व्हयी गो? तुमचो दर्या आसा ना."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यात कपट नव्हतं. टोमणासुद्धा नव्हता. त्यांना ते खरंच तसं वाटत होतं.

तोवर मी समजत होते, या माणसाने आम्हाला फसवलं. तिथं उभ्याउभ्या कळलं की त्यांच्या लेखी फसवणूक झालीच नव्हती. ज्याला आपण माणूस धरतो त्यालाच फसवता येतं. आम्हाला घर असतं, त्या घरात आमचे बाप मेलेले असतात, ते गेलं तर आमच्याही पोटात तुटतं, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. आम्ही म्हणजे मागच्या दारची माणसं. आज या किनाऱ्यावर, उद्या दुसऱ्या, काय फरक पडतो. आणि दर्या तरी आमचा कुठं राहिला आहे? रापण ओढायच्या वाळूत आता रिसॉर्टच्या पाहुण्यांच्या आरामखुर्च्या असतात. ज्या दर्यावर पोर आहे म्हणून आये देवळात खोटी ठरली, तो दर्या आमच्या पदरात टाकून हे मोकळे होत होते.

मला राग आला. साधा नाही. इतका की डोकं एकदम शांत झालं.

"माझी सही मिळाची नाय," मी म्हटलं आणि पेन त्यांच्या हातात परत दिलं.

आता हसू गेलं. "मगे आयक," ते म्हणाले. "तुझ्यासाठी उभो रवणारो वकील तुका ह्या तालुक्यात गावाचो नाय."

पुकारा झाला. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी आयेला विचारलं, ही तडजोड स्वखुशीने मान्य आहे का? आयेने मान हलवली. मग माझ्याकडे बघितलं. मी बोलायच्या आत भाईसाहेब बोलले, मान्य आहे, फक्त सही राहिली आहे. बाई म्हणाल्या, त्यांना बोलू द्या.

"मला मान्य नाही," मी म्हटलं. "आणि हे वकील मला नकोत."

आवाज फाटला. समोरचं रेलिंग धरून उभी होते. मागे बसलेले काळे कोट माना वळवून बघायला लागले. तडजोड झाली नाही. दुसरा वकील देण्यासाठी तारीख मिळाली.

भाईसाहेबांनी धमकी दिली नव्हती, माहिती दिली होती. मालवणात कुणी वकीलपत्र घेईना. जुन्या वकिलाने माझी हरकत नाही असं लिहून दिल्याशिवाय नवा वकील कागदाला हात लावत नाही, ही त्यांच्यातली रीत. एकाने खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, नाहरकत आणलीत? दुसऱ्याची मुलगी भाईसाहेबांच्या हाताखाली काम शिकत होती. कुडाळला एक तरुण वकीलबाई हो म्हणाल्या. त्या रात्री मला झोप लागली. सकाळी त्यांचा फोन आला, समजून घ्या ताई. मी समजून घेतलं नाही.

मग भाईसाहेबांचा कारकून बाजारात आला. सगळ्या बायकांसमोर, माझ्या टोपलीपुढे उभा राहून त्याने निरोप दिला. घरी ये, पाय धर, चुकले म्हण, लगेच नाहरकत देतो म्हणालेत. आये शेजारीच बसली होती. म्हणाली, जा गो. धर पाय. पाय धरल्याने काय झिजतं?

मी कारकुनाला म्हटलं, गिऱ्हाईक नसलास तर बाजूला हो.

त्या रात्री आये आणि मी भांडलो, कधी भांडलो नव्हतो तशा. ती म्हणाली, मी हो म्हटलं त्याला तू भर कोर्टात नाही म्हणालीस, देवळात एकदा माझी अब्रू गेली, दुसऱ्यांदा तू घालवलीस. भावाची बोट सुखरूप आली होती. तोही तिच्याच बाजूने बोलला. जाऊ दे घर, म्हणाला, मोठ्या लोकांशी वैर नको, बोटीवर काम मिळायचं नाही. चार दिवसांनी आये देवगडला मावशीकडे निघून गेली. बोचकं बांधून उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली,

"घर तू ठेव गो. मी ह्या वाडयेत खंय तोंड दाखवू?"

जिच्यासाठी मी हे करते आहे असं मला वाटत होतं ती अशी गेली. फोन केला तर उचलते. जेवलीस काय विचारते. घराबद्दल बोलत नाही.

आता माझा दावा मीच चालवते. कायदा मला येत नाही. कुठल्या अर्जाला काय म्हणतात ते मी तिथल्या शिपायाला विचारते, त्याला वेळ असला तर तो सांगतो. चुका होतात. दोनदा माझे अर्ज परत आले, एकदा सगळं कोर्ट हसलं. हसू दे.

माझी साक्ष झाली तेव्हा उलट तपासणीला पुतण्या उभा राहिला. दुसऱ्या टेबलावरचा. त्याने तेच विचारलं जे विचारणार हे मला ठाऊक होतं. तुमच्या आईने देवळात आण घ्यायला नकार दिला, हे खरं की खोटं? मी कारण सांगायला लागले. त्याने हात वर केला. हो की नाही, एवढंच सांगा.

"हो," मी म्हटलं. "आणि आमचे वकील असून तुमचे काका तिला तिथं घेऊन गेले, हेही लिहून घ्या."

तो म्हणाला, हे उत्तर प्रश्नाला धरून नाही. न्यायाधीश बाई टंकलेखकाला म्हणाल्या, लिहा.

मला वाटलं होतं, हे एकदा बोलले की छाती हलकी होईल. झाली नाही. घरी आले, कुलूप काढलं, चूल पेटवायचा कंटाळा आला म्हणून तशीच झोपले.

निकाल अजून यायचा आहे. विरुद्ध जाईल असं सगळे सांगतात. जमिनीवर नाव त्यांचं, पैसा त्यांचा, दोन्ही टेबलं त्यांची. विरुद्ध गेला तर मी ओरोसला जिल्हा कोर्टात जाईन, तिथंही वकील मिळाला नाही तर तिथंही मीच उभी राहीन. तिथं हरले तर पुढचं कोर्ट कुठं आहे ते विचारीन. आणि सगळीकडे हरले तर त्यांना पोलीस घेऊन यावं लागेल. मला सही मागू नका, पाय धरायला सांगू नका, स्वयंपाकघरातली नोकरी दाखवू नका. चौघांनी हातापायाला धरून उचलायचं आणि बाहेर टाकायचं, सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत. माझ्या पायांनी चालत मी या घरातून निघणार नाही.